परतीच्या वाटेवरचा ठिपका

भर दुपारी रात्र पाहायची असेल, तर रडारच्या पडद्यावर बसवलेल्या काळ्या रबरी नरसाळ्यात तोंड घालावं. बाहेर ऊन रणरणत असतं, पाणी डोळ्यांत टोचेल इतकं चमकत असतं. पण त्या नरसाळ्याची कड कपाळाला आणि गालांना चिकटली, की क्षणात सूर्य मावळतो. आधी येतो तो वास. तापलेल्या रबराचा, व्हार्निशाचा, आणि तुमच्या आधी ज्यानं तिथं तोंड घातलं त्याच्या घामाचा. मग अंधाराच्या तळाशी एक शेंदरी रेघ उगवते आणि संथपणे, न थकता गोल फिरू लागते. तिच्या मागोमाग काठ उमटतात, झाडं उमटतात, आणि रेघ पुढं सरकली की निवत्या निखाऱ्यासारखी विझत जातात. कान मात्र बाहेरच राहिलेले असतात. त्यांना बोटीवरच्या माणसांचं खोकणं, पाण्याची चुळबुळ, इंजिनाची घरघर ऐकू येते आणि वाटतं, ही माणसं कोणत्या जगात आहेत आणि आपण कोणत्या? आयुष्याचा एक मोठा काळ मी असा डोकं एका जगात आणि धड दुसऱ्या जगात ठेवून काढला. आजही सायकलच्या दुकानावरून जाताना ट्यूबांचा वास आला, की मानेवर काटा उभा राहतो.

तुम्ही म्हणाल, बेंगळूर आणि बोटीवरचं रडार? हसा, खुशाल हसा! ना नदी ना समुद्र असं हे आमचं गाव, पठाराच्या माथ्यावर बसलेलं. पाणी म्हणजे तळ्याचं नाहीतर नळाचं. पण विधात्याची आणि सरकारची लीला अगाध. ज्यांनी जन्मात भरती-ओहोटी पाहिली नाही अशा माणसांकडून समुद्रावर चालणारी यंत्रं करवून घ्यायची असं साठीच्या दशकात ठरलं, आणि गावाबाहेरच्या माळावर उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात मी ती जोडू लागलो. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, दारात कन्नड, आणि उंबऱ्यावर दोहोंची खिचडी. स्वल्प मीठ घाल, ‘बरं’ऐवजी सरी, अय्यो, असं सगळं एकाच ताटात वाढलेलं. थोरल्या बहिणीला ताई म्हणतात हे मला मोठेपणी, पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याकडून कळलं. आम्ही अक्काच म्हणायचो, आणि ही सगळी कथा त्या अक्काचीच आहे.

रडार म्हणजे काय असं कोणी विचारलं, की मी विहिरीचा दाखला देत असे. विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारावी आणि उत्तर यायला किती वेळ लागतो त्यावरून पाणी किती खोल आहे ते ओळखावं, तसंच हे. वरचा पंखा फिरत फिरत दाही दिशांना हाक घालतो. जिथं काही असतं तिथून ओ येते, आणि ती ओ पडद्यावर ठिपका होऊन बसते. जिथून ओ येत नाही, तिथं काही नाही. किती सोपं आणि किती निष्ठुर शास्त्र! अक्काला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. ती म्हणाली, "ओ आली नाही म्हणजे माणूस नाही, असं का? मला नाही बाई पटत." मी जीभ चावली. तिच्या नवऱ्यानं, आमच्या भावोजींनी, कित्येक वर्षं ओ दिली नव्हती.

भावोजी मालवाहू जहाजावर बिनतारी संदेश पाठवायच्या कामावर होते. मंगळूरच्या बाजूनं त्यांचं जहाज पावसाळ्याच्या तोंडावर निघालं आणि परत आलं नाही. ना फळकुट सापडलं, ना माणूस. मोठा गमत्या माणूस तो! रजेवर घरी यायचे तेव्हा पुढच्या दारानं कधीच येत नसत. मल्लेश्वरमच्या त्यांच्या घराला मागं परसू आणि दगडी पायऱ्या. तिकडून चपला हातात घेऊन चोरपावलांनी यायचे आणि चुलीपुढं बसलेल्या अक्काच्या मागं गुपचूप उभे राहायचे. ती कधी दचकायची, कधी न बघताच म्हणायची, "पाय धुवून या आधी." तिला मागं कोणी उभं आहे हे कसं कळायचं, देव जाणे.

त्यांचे वडील तात्या, चिकपेटेत कापडाची पेढी चालवणारे, करारी आणि भाविक. अक्का त्यांच्याजवळच राहिली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून. त्या घरात बाकी कशाची वाण नव्हती. पण दर पितृपक्षात स्वयंपाकघरात एक विचित्र शांतता पसरायची. पूर्वजांची पानं मांडली जायची आणि तात्या वाढप्याचा हात धरून थांबायचे. मुलाचं पान मांडावं तर जिवंत माणसाला मारल्याचं पाप. न मांडावं आणि तो खरोखरच गेलेला असला, तर तो तिकडं उपाशी! जिवंतांच्या पंगतीत ताट नाही आणि मेलेल्यांच्या पंगतीत पान नाही, असा माणूस जायचा कुठं? शास्त्रानं यावर तोड काढून ठेवली आहे. बारा वर्षं वाट पाहावी, मग पळसाच्या पानांची आणि दर्भाची माणसाएवढी आकृती करावी, डोक्याच्या जागी नारळ ठेवावा, आणि तिला अग्नी द्यावा. त्या वर्षी बारा वर्षं भरली. तात्यांची छाती दुखू लागली होती. "मी गेलो तर त्याला पाणी कोण देणार ग?" असं ते अक्काला विचारत. अक्का म्हणे, "दसरा होऊ द्या, मामंजी." विधी झाला की तिचं कुंकू पुसलं जाणार हे दोघांनाही माहीत होतं, ते बोलून कोणी दाखवत नव्हतं.

नेमक्या त्याच वर्षी आमचं यंत्र पाण्यावर उतरलं. समुद्राकडे धाडण्याआधी ते खऱ्या बोटीवर चालवून पाहायचं होतं, म्हणून किनाऱ्यावरची एक जुनी बोट लॉरीवर घालून आणली आणि बेळ्ळंदूरच्या तळ्यात सोडली. आज तिथं काय आहे ते मला सांगू नका. तेव्हा ते तळं म्हणजे आभाळाचा आरसा होता. ऐलतीरावरून पैलतीरीची माणसं मुंगीएवढी दिसत. युद्धाच्या काळात पाण्यावर उतरणारी विमानं तिथं यायची म्हणे. कडेला बोरू, बगळे, धुणी, आणि आमच्या धक्क्याशेजारी पत्र्याच्या छपराचं एक पंपघर. आम्ही केबिनच्या टपावर पंखा बसवला. तिथून खाली लहरी वाहून आणणारी तांब्याची चौकोनी नळी तान्ह्या मुलासारखी सांभाळून उतरवली, कारण तिला एक पोचा आला की यंत्र आंधळं. पडद्यावरची मधली रेघ बोटीच्या नाकाशी जुळवली. पंख्याच्या मागं, स्वल्प डावीकडे, बोटीची मूळची लोखंडी डोलकाठी होती. ती काढता येईना. तिच्या आडोशामुळं पडद्यावर एक काळी पट्टी राहिली. त्या पट्टीतलं यंत्राला काही दिसत नाही. सगळ्या बोटींवर असं थोडंफार असतंच, त्याला इलाज नाही.

बोट चालवायला तळ्यावरचाच मुनियप्पा नावाचा नावाडी ठेवला होता. बोलणं मोजकं, विडी अखंड. बोट पाण्यात पडली त्या दिवशी त्यानं आम्हाला न विचारता सगळं साग्रसंगीत केलं. नाकावर हळदकुंकू, दोरीला लिंबू-मिरच्या, आणि दृष्ट लागू नये म्हणून डोलकाठीवर एक तांब्याचा मुखवटा, डोळे वटारलेला, जीभ बाहेर काढलेला, सुपाएवढा. आपल्याकडे नव्या घरावर टांगतात तसलाच. आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला आणि कामाला लागलो.

आणि मग ते सुरू झालं. बोट तळ्याच्या मध्याकडे जाताना पडद्यावर सगळं आलबेल असे. पैलतीर, झाडं, बोरूची बेटं, सगळं जागच्या जागी. पण परतीसाठी बोट वळवली आणि नाक धक्क्याकडे केलं, की त्या काळ्या पट्टीत, जिथं काही दिसायलाच नको तिथं, एक ठिपका उगवे. आमच्या मागं. आम्ही घराकडे जसजसे येऊ तसतसा तोही जवळ येई, घाई न करता, अंतर कापत. मी नरसाळ्यातून डोकं काढून मागं पाही; स्वच्छ ऊन, सपाट पाणी, आणि आमच्याच बोटीनं पाडलेली फेसाची वाट. "मुनियप्पा, मागं कोण आहे रे?" तो न वळताच सांगे, "यारू इल्ला, स्वामी." कोणी नाही. मी पुन्हा तोंड आत घाली, तर तो ठिपका आणखी जवळ आलेला! धक्क्याला लागता लागता तो पडद्याच्या मध्यातल्या उजेडात मिसळून जाई, म्हणजे अगदी बोटीला येऊन भिडे, आणि तेव्हा पायऱ्या चढताना आमच्यातला प्रत्येक जण एकदा तरी मागं वळून बघे. जाताना कधी नाही, परततानाच. भुताखेतांवर विश्वास नसलेला माणूस मी. पण खोटं कशाला बोलू, माझी पाचावर धारण बसली होती.

आम्ही काय केलं नाही? बोटीवरची बादली काढली, साखळी काढली, कठड्याच्या नळ्या उतरवल्या. डोलकाठीचा संशय आला म्हणून तिला नखशिखांत ओलं गोणपाट गुंडाळलं. यंत्र सोलून पुन्हा जोडलं. साहेब म्हणाले, हे बरं होत नाही तोवर यंत्र समुद्रावर जाणार नाही. नसलेलं दाखवणारं यंत्र असलेलं तरी खरं दाखवेल याचा काय भरवसा? बरोबरच होतं त्यांचं. ठिपका काही हटेना. मुनियप्पा हळूहळू विड्या जास्त ओढू लागला आणि एक दिवस म्हणाला, तळ्यात बुडालेला कोणीतरी घर विचारत येतोय.

मी हे मल्लेश्वरमला जेवताना बोलून गेलो. गंमत म्हणून सांगायला बसलो आणि सांगता सांगता माझाच आवाज बसला. अक्का वाढत होती. भाताचा डाव तसाच हातात धरून तिनं विचारलं, "घरी यायला निघाल्यावरच मागं लागतंय?" मी हो म्हटलं. "मागून येतंय? गपचूप?" तिच्या मनात काय आलं ते मला दिसलं, आणि मी घाईघाईनं समजावू लागलो, की अग, ते बेळ्ळंदूरचं तळं आहे, समुद्र कुठं आणि हे कुठं, मध्ये सगळा घाट आहे! अक्का म्हणाली, "पाणी पाणीच की रे." आणि त्याच पंगतीत तिनं तात्यांशी सौदा केला. खंडेनवमीला ती स्वतः तळ्यावर जाऊन बघेल. ठिपका दिसला, तर ती विधीला होकार देणार नाही. दिसला नाही, तर तात्या म्हणतील तो दिवस. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ताटावरून उठून हात धुवायला पळालो.

खंडेनवमी म्हणजे आमच्या गावातला यंत्रांचा सण. त्या दिवशी बेंगळुरात जे जे फिरतं, कापतं, ठोकतं त्याला हार पडतो. लॉरीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांची आंघोळ, केळीचे खुंट, चाकाखाली लिंबू, कुंकू भरून फोडलेले कोहळे. कारखान्यांची दारं बायकामुलांना उघडी असतात. त्या दिवशी आमची बोट नवरदेवासारखी सजली होती. पंख्याला झेंडू, तांब्याच्या नळीला चंदन. मुखवट्याला तर मी स्वतः कुंकू लावलं. अक्का हिरवं लुगडं नेसून आली. सदा घराबाहेर पडायला कुरकुरणारी ही बाई फळीवरून बोटीत अशी उतरली, जणू रोजचाच रस्ता. तिनं यंत्राला हळदकुंकू वाहिलं आणि हार काढून पंखा मोकळा केल्यावर मला म्हणाली, "कुठं बघायचं दाखव."

तिनं नरसाळ्यात तोंड घातलं. बोट तळ्याच्या मध्यापर्यंत गेली, वळली. मी तिच्या शेजारी उभा होतो. मला पडदा दिसत नव्हता, फक्त तिची पाठ दिसत होती, अंबाड्यातली शेवंती दिसत होती. बाहेर काठावर ढोल वाजत होते, पोरं ओरडत होती, ऊन नुसतं ओतत होतं. आणि एकाएकी त्या पाठीवर शहारा उठलेला मी पाहिला. धक्का येईपर्यंत तिनं तोंड बाहेर काढलं नाही. काढलं तेव्हा कपाळाचं कुंकू रबराच्या कडेला लागून डोळ्यापर्यंत फरफटलं होतं, आणि चेहरा, काय सांगू तुम्हाला, माहेरी निघालेल्या मुलीसारखा होता. "आलेत," एवढंच ती म्हणाली. घरी गेल्यावर तात्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि देवघरात जाऊन दार लोटून घेतलं.

आता पुढचं सांगताना माझं मन अजूनही जड होतं. दसरा झाल्यावर आम्ही पुन्हा तळ्यावर गेलो. बोट वळवली. पट्टी काळीभोर. कोणी नाही! पुन्हा गेलो, पुन्हा वळवली. कोणी नाही. इतके दिवस ज्याला हुसकायला आम्ही जिवाचं रान केलं तो गेला, तर नाचायला हवं होतं की नाही? आणि मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं झालं. सवयीनं मी मागं पाहिलं, आणि पाणी इतकं रिकामं मी कधीच पाहिलं नव्हतं. मग माझी नजर डोलकाठीवर गेली. मुखवटा नव्हता. सणात धुरानं काळवंडला म्हणून मुनियप्पानं तो चिंचेनं घासायला घरी नेला होता. संध्याकाळी तो लखलखीत होऊन परत आला, टांगला गेला, आणि परतीच्या वाटेवर ठिपका उगवला, पूर्वीपेक्षा ठळक.

डोक्यावर हात मारून घ्यावा की रडावं ते कळेना. आमच्यापैकी प्रत्येक जण तो मुखवटा रोज पाहत होता. डोलकाठीला गोणपाट गुंडाळलं तेव्हा मीच तो उतरवला होता, कपाळाला लावला होता, आणि गुंडाळून झाल्यावर जिथल्या तिथं, गोणपाटावर, भक्तिभावानं परत टांगला होता! बोटीवरचा खिळान्‌खिळा आम्ही धातू म्हणून मोजला. मुखवटा कोणीच मोजला नाही, कारण तो धातू नव्हता, तो देवाघरचा पहारेकरी होता. पंख्याची हाक त्याच्या तोंडावर आपटून पुढं जायची, समोरच्या पंपघराच्या पत्र्याला लागायची आणि त्याच वाटेनं परतायची. यंत्राला वाटायचं, ओ मागून आली. पंपघर समोर यायचं ते फक्त परतताना. झालं! दृष्ट काढायला टांगलेल्या तोंडानंच भूत उभं केलं होतं.

अक्काला सांगायचं कसं? माझी बायको म्हणाली, राहू द्या, तिला तेवढंच सुख. तात्यांचा चेहरा आठवून मला तेही जमेना. तो म्हातारा मुलाला पाणी द्यायला तळमळत होता. शेवटी मी अक्काला घेऊन पुन्हा तळ्यावर गेलो आणि सगळं तिच्या डोळ्यांदेखत केलं. मुखवट्यासकट बोट वळवली, ठिपका आला. मुनियप्पानं हात वर करून मुखवटा उतरवला, ठिपका गेला. पुन्हा टांगला, पुन्हा आला. नरसाळ्यातून अक्काचा आवाज आला, दबलेला, दूरचा, "बस्स कर." तिनं तोंड काढलं नाही. मला वाटलं रडते आहे. मुनियप्पानं मुखवटा उतरवून खाली ठेवला, तेव्हा ती म्हणाली, "आणि ही काळी पट्टी कसली रे? ठिपका गेला तरी ही आहेच."

मी सांगितलं, ती डोलकाठीची सावली. तिथलं यंत्राला दिसत नाही.

"म्हणजे तिथं कोणी नाही असं नाही. तुला दिसत नाही, एवढंच."

मी म्हटलं, तिथलं बघायचं असेल तर बोट वळवावी लागते. मग ती जागा सावलीतून बाहेर येते. "मग वळव की," अक्का म्हणाली. मुनियप्पानं सुकाणू दाबलं. बोट मोठं वर्तुळ घेत फिरू लागली, एकदा, पूर्ण, चारी दिशांना. मी रबराची कड जरा उचलून फटीतून डोकावून पाहिलं. पट्टी पडद्यावर जागच्या जागी, आणि तिच्याखालून सगळं तळंच सरकत होतं. काठ, बेटं, झाडं, पाणी, एकेक सावलीत शिरत होतं आणि सुखरूप बाहेर येत होतं. कुठंही कोणी नव्हतं. "बघितलंस ना?" मी हळूच म्हटलं. अक्कानं तोंड बाहेर काढलं, पदरानं चेहरा टिपला, आणि हसली. अगदी पूर्वीसारखी, गालात. म्हणाली, "आपण वळलो तसे तेही वळले असतील. खोडच ती त्यांची."

भर उन्हात माझं अंग गार पडलं. सावलीबरोबर फिरणाऱ्याला कोणतं यंत्र पकडणार? आणि वाचकहो, आपल्यातल्या प्रत्येकाची एकेक डोलकाठी असतेच की. आपण चहूकडे हाका घालत फिरतो आणि आपल्याच आधाराच्या खांबाआड कोण उभं आहे ते आपल्याला कधी दिसत नाही. पण अक्काचं बोलणं तेवढ्यावर संपलं नव्हतं. धक्क्यावर उतरताना ती म्हणाली, "मामंजींना सांग, मी विधीला तयार आहे. ठिपका खोटा निघाला, सौदा सौदा." मी चक्रावलो. मग आताच काय म्हणालीस? "ते मला कळलं. त्यांना कसं कळणार? म्हातारा माणूस, किती दिवस वाढप्याचा हात धरून बसेल?" आणि मुनियप्पाकडे वळून तिनं कन्नडमधून तो मुखवटा मागितला. त्यानं आनंदानं दिला. स्वतःसाठी लाकडाचा करून घेतला. यंत्र बिनबोभाट समुद्राकडे रवाना झालं.

कार्तिकात विधी झाला. पळसाच्या पानांचा तो माणूस अंगणात निजवला होता. तात्यांनी त्याच्या नारळाच्या डोक्यावरून हात फिरवला, तान्ह्या पोराच्या टाळूवरून फिरवावा तसा, आणि मग अग्नी दिला. बारा वर्षांचं अडलेलं रडू त्यांना त्या दिवशी आलं. अक्कानं कुंकू पुसलं. पुढच्या पितृपक्षात मुलाचं पान मांडलं गेलं आणि तात्या त्या पानासमोर बसून पोटभर जेवले. त्यानंतर काही वर्षांनी ते गेले, अगदी शांतपणे गेले.

त्यांचं तेराव्याचं आटोपलं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर अक्काच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी बघतच राहिलो. तिनं माझ्यापुढं कॉफी ठेवली आणि म्हणाली, "असा काय बघतोस? गेले होते ते मामंजींसाठी. माझ्यासाठी नाही." शेजारच्या बायका कुजबुजल्या, एकदोघींनी येणं सोडलं. अक्काला त्याचं काही नव्हतं.

मुखवटा तिनं परसदारी टांगला, तोंड बाहेर करून. चिंचेनं घासून लखलखीत ठेवते. परवा दुपारी मी गेलो तेव्हा ती मागच्या पायरीवर बसली होती, दोन्ही तळव्यांची नळी करून डोळ्यांना लावलेली, नरसाळ्यात शिकली तशी. भर उन्हात स्वतःपुरता अंधार करून परसातल्या झाडाखालच्या सावलीकडे बघत. मी दारात थांबलो. मला तो रबराचा वास आला, खरं सांगतो, आला. "काय दिसतंय अक्का?" मी विचारलं. "यारू इल्ला," ती मुनियप्पाच्या सुरात म्हणाली, आणि पायरीवर स्वल्प सरकून तिनं शेजारी जागा केली. मी तिथं बसायला वाकलो. तिनं डोळ्यांवरचे हात न काढताच मला कोपरानं ढकललं.

"तू तिकडं बस की रे," ती म्हणाली.

मी तिकडं बसलो.